पत्रातला चहा

मिलिंद,

तू गेल्याला आज बावीस दिवस झाले. इतक्या दिवसांत माझ्याकडून तुला एक ओळ लिहून झाली नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "दफ्तरदारांचा एकूण वेग बघता हे लवकरच आलं." मला दफ्तरदार म्हणणारा तू एकटाच होतास. सदाशिव पेठेतल्या ज्या संस्थेत मी जुनी कागदपत्रं वाचते, तिथे मला सगळे मॅडम म्हणतात. त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नाही, की गेली सात-आठ वर्षं रोज दुपारी दीड वाजता, डबा उघडायच्या आधी, मी मोडीतला कागद बाजूला ठेवून फोनवर तुझे विनोद तपासत होते.

आपली ओळख झाली तेव्हा इंटरनेट तासावर विकत मिळायचं. लोखंडी जिना चढून वर गेलं की सहा संगणक, एक पंखा आणि चपला बाहेर काढा अशी पाटी. मी प्रबंधाची कागदयादी टंकायला आले होते आणि सगळ्या मराठीचे चौकोन झाले होते. शेजारच्या खुर्चीवर तू लढाईचा खेळ खेळत होतास. पडद्यावरची नजर न काढता म्हणालास, "फॉन्ट नाहीये तुमच्या मशीनवर. दोन मिनिटं थांबा, आत्ता मेलोय. परत जिवंत झालो की बघतो."

"दिवसातून किती वेळा मरता?" मी विचारलं.

"परीक्षा असली की चाळीसेक वेळा."

मग तू खरंच उठून फॉन्ट घातलास आणि माझी यादी वाचायला लागलास. तुला इतिहासात काडीचा रस नाही असं म्हणत होतास, आणि एकेका कागदाचं नाव वाचून हसत होतास. बिघडलेल्या तोफेबद्दल तक्रार, तीच तक्रार पुन्हा, मागील तक्रारीचं स्मरण. "हे तर आमचं सबमिशन आहे," म्हणालास.

पुढे तू हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागलास. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार दोघांनाही मिळतो, असं तू सगळ्यांना सांगायचास. फक्त माझ्या चुका करणारे दोनशे वर्षांपूर्वी गेले, म्हणून ते उलट बोलत नाहीत.

'दफ्तर हँग झालंय' हे पान तू सुरू केलंस ते कंपनीच्या बसमध्ये. जायला दीड तास, यायला दोन तास. त्या वेळात पुण्याच्या आयटीवाल्यांनी काय काय केलं याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. तू जुन्या चित्रांवर दोन ओळी टाकायचास. घोडेस्वाराचं चित्र, खाली ओळ: 'उत्तरेहून निरोप यायला अठरा दिवस. पिंग जरा जास्त आहे.' पिंग म्हणजे ऑनलाइन खेळात निरोप पोचायला लागणारा वेळ. मी कळवलं, अठरा जास्त होतात, जोडजासूद असतील तर निरोप लवकर यायचा. तुझं उत्तर आलं, "मग जोडजासूद म्हणजे प्रीमियम प्लॅन लिहू का?" आणि तेच लिहिलंस. किल्लेदाराला फितुरी कळते तेव्हा टीव्हीवरच्या मालिकेसारखा त्याचा चेहरा तीन वेळा, तीन बाजूंनी, प्रत्येक वेळी वीज चमकून. तेही तुझंच.

राजकारणावरचे विनोद तू जपून करायचास, पण करायचास. एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला त्या आठवड्यात तू दोन पगड्या घातलेला सरदार काढलास. 'खेळाडूने संघ बदलला. जुने गुन्हे डिलीट झाले. पहिल्या लेव्हलपासून सुरुवात नाही, थेट मंत्रिपद.' मी म्हणाले, मंत्रिपद काढ, सरंजाम लिही.

"आजच्या लोकांना कळणार नाही."

"ज्यांना कळायला हवं त्यांना बरोबर कळेल."

ते कळलं. तुझ्या पानाला मिळालेली पहिली धमकी माझ्या त्या शब्दामुळे होती. तू ती छापून स्वतःच्या टेबलापाशी लावलीस आणि मला फोटो पाठवलास.

आपले नियम दोनच होते. मी पास म्हटल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि मी पास केलेल्याला तू नंतर हात लावायचा नाहीस. त्यातच तुझा स्वतःचा एक तिसरा नियम होता. खोट्या प्रत्येक गोष्टीत एक दार उघडं ठेवायचं. तलवारीच्या मुठीला चार्जरची वायर, दरबारात मागे उभा असलेला हुजऱ्या कानात इअरफोन घालून. "माणूस हसत आत यायला पाहिजे आणि शहाणा होऊन बाहेर पडायला पाहिजे," म्हणायचास. "दार बंद झालं की तो विनोद राहत नाही, ती फसवणूक होते." मला हा नियम पाठ होता. म्हणून पुढचं सगळं लिहायला मला बावीस दिवस लागले.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या सोसायटीसमोरचा कर्वेनगरचा रस्ता तिसऱ्यांदा खोदला होता. तू पत्र रचलंस. पेशवाईतला एक वेसकर, रायनाक नावाचा, सरकारला लिहितो की नळासाठी रस्ता उकरला, बुजवला, नळ टाकायचा राहिला म्हणून पुन्हा उकरला आणि मी रोज त्याच खड्ड्यात पडतो. भाषा बरी करून दे, म्हणालास. मी विचारलं, वेसकर कशाला, वेशीवरचा पहारेकरी पत्र कुठे लिहीत होता?

"तुमच्या कागदांत तो सापडतो कुठे?"

"बिगारीच्या याद्यांत. नाहीतर एखाद्या तक्रारीत."

"त्याच्या तक्रारीत?"

"त्याच्याविरुद्धच्या."

"मग एकदा त्याची स्वतःची येऊ दे की," म्हणालास. तुझ्या आवाजात राग नव्हता. तुझ्या पणजोबांकडे गावची वेस होती, हे तू मला पूर्वी एकदाच आणि जाता जाता सांगितलं होतंस.

मी दोन दुपारी त्या पत्रावर काम केलं. मला ते काम आवडलं, हे खरं सांगते. माझ्या हाताखालून आजवर हजारो कागद गेले, पण स्वतः लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. क्रियापदं जुनी केली, अनुस्वार जागेवर आणले. आणि तुझ्या मजकुरातल्या दोन गोष्टी बदलल्या.

पहिली चहा. कचेरीत तक्रार घेऊन गेलेल्या रायनाकाला उत्तर मिळतं, 'साहेब चहास गेले आहेत.' मी ते खोडून 'कारभारी स्नानसंध्येस बसले आहेत' असं केलं. दुसरा बदल पत्राच्या सुरुवातीचा. तू लिहिलं होतंस, 'रायनाक वेसकर याचा नमस्कार.' मी नमस्कार खोडून जोहार लिहिलं. वेसकरानं सरकारला जोहारच म्हणायचा, हात जमिनीला टेकवून. नमस्कार त्याच्या वाट्याचा नव्हता. कागदांत असंच आहे.

तू फोन केलास. "जोहार तपासून लिहिलंयस?"

"हो."

मागे बसचा हॉर्न ऐकू येत होता. मग म्हणालास, "बरं. पास म्हणजे पास." आणि तू ते पत्र तसंच टाकलंस. पिवळट कागदाच्या चित्रावर, खाली कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. तो डाग तू चहाच्या ओळीसाठी काढला होतास. ओळ गेली, डाग राहिला, आणि लोकांना तो जुनेपणाचा डाग वाटला.

आठवड्याभरात ते पत्र तुझ्या पानाचं राहिलं नाही. पानाचं नाव कापून लोक पुढे पाठवू लागले. एका सोसायटीनं जुन्या पुण्याच्या प्रदर्शनात ते फ्लेक्सवर छापलं. एका सभेत कुणीतरी वाचून दाखवलं आणि म्हणालं, बघा, तेव्हाही हेच होतं. तू मला घाबरून विचारलंस, "हे हसत का नाहीयेत?" मी म्हणाले, हसतील.

मग एक दिवस एक गृहस्थ आमच्या वाचनालयात आले. निवृत्त, नीटनेटके, पिशवीत प्रिंट. "मॅडम, हे पत्र आपल्याकडच्या कुठल्या रुमालात आहे?" जुने कागद आम्ही कापडी रुमालांत बांधून ठेवतो, एवढं त्यांना माहीत होतं. मला म्हणता आलं असतं, हे पत्र नाही, हा विनोद आहे आणि तो मी तपासलाय. मी म्हणाले, "शोधावं लागेल."

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी एका मासिकात लिहिलं, मूळ कागदाचा शोध चालू आहे. त्यावर दुसऱ्या एका जाणत्या माणसानं लिहिलं, शोधू नका, असा कागद नाहीच, हे कुणीतरी बनवलंय. दोन दिवसांत तुझं नाव बाहेर आलं, आडनावासकट. आडनावासकट आल्यावर पुढे काय झालं ते तू वाचलंस, मीही वाचलं. यांना आता आपला इतिहास पण पाहिजे. यांची पत्रं आता आपण वाचायची का. बाकीचं इथे लिहीत नाही. तुझ्या कंपनीत कुणीतरी पत्र धाडलं आणि तुला बोलावून समज दिली गेली. पानावर तू शेवटचं लिहिलंस, 'पत्र मी रचलं. गंमत होती. फसले असतील त्यांची माफी. चूक माझी.' आणि पान बंद केलंस.

त्या शनिवारी आपण मंडईत भेटलो. आईंना मंडईतलीच भाजी लागते म्हणून तू कर्वेनगरहून यायचास आणि मी पिशवी धरायला. तू वांगी निवडत होतास.

"चहा का काढलास?"

"चहा तेव्हा नव्हता, मिलिंद."

"अगं, म्हणूनच ठेवला होता! तेच तर दार होतं. एवढं साधं दार!"

"मला वाटलं तुझी चूक झालीय."

"वीस वर्षं ओळखतेस मला. कचेरीत साहेब चहाला गेलेत, ही माझी चूक वाटली तुला?"

"मग तू परत का नाही घातलास?"

"पास म्हणजे पास. तुझा शब्द मोडायचा नव्हता."

वांगीवाल्या मावशी म्हणाल्या, "भांडायचं तर जरा त्या अंगाला उभे राहा. गिऱ्हाइकाला वांगी दिसंनात."

आपण सरकलो. मी म्हणाले, मी सांगते सगळ्यांना, भाषा माझी होती म्हणून. तू माझ्याकडे पाहिलंस. "नको. तुझी संस्था तुला ठेवणार नाही. माझी नोकरी काय, त्यांना इतिहासाशी देणंघेणं नाही." मी म्हणाले, "बरं." लगेच म्हणाले. वांग्यांचे पैसे देऊन होईपर्यंतसुद्धा मी थांबले नाही. त्यानंतरचे चार महिने आपण बोलत होतो, पण दुपारी दीड वाजता फोन वाजत नव्हता.

मंडईत मी तुला अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं आता सांगते. चहाचं दार मला दिसलं नाही, कारण मला वाटलं दार तू दुसरीकडेच ठेवलंयस. वेसकर सरकारला पत्र लिहितो, हेच मला उघडं दार वाटलं. कुणीही पाहताक्षणी हसून म्हणेल की हे शक्यच नाही, असं मी धरून चालले होते. तू त्याला पत्र लिहायला बसवलंस आणि मी त्याला पत्रातली चूक समजले. दार उघडंच आहे असं मानून मी निर्धास्तपणे चहा काढला आणि जोहार घातला. लोकांना मात्र वेसकराच्या पत्रात काहीच अशक्य वाटलं नाही. रस्त्यात पडलेला माणूस तक्रार करतो, एवढंच त्यांना दिसलं. त्या बाबतीत ते माझ्यापेक्षा बरे निघाले.

जोहारचा विषय तू नंतर कधी काढला नाहीस. काढशील म्हणून मी वाट पाहत होते आणि उत्तरही तयार ठेवलं होतं, संदर्भांसहित.

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, तुझ्या बसमधले लोक बोलले. एकानं तुझा प्रीमियम प्लॅनचा विनोद सांगितला आणि सगळे हसले, मग कसंसं वाटून थांबले. नंतर मी घरी आले, तुझ्या. तुझी बायको सुजाता आतल्या खोलीत होती. आई खुर्चीत बसल्या होत्या. मी आत गेले की त्या जय भीम म्हणतात आणि मी नमस्कार आई म्हणते, इतकी वर्षं असंच चाललंय. आजवर मी या गोष्टीचा विचार केला नव्हता.

आई महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवत होत्या. त्या शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "तू जुने कागद वाचतेस. तूच सांग. माझ्या मुलानं खोटा कागद केला का?"

सुजाता दारात येऊन उभी राहिली. तेव्हा मला कळलं, तू घरीही माझं नाव सांगितलं नव्हतंस.

मी सांगितलं. कागद केला, पण तो खरा वाटू नये म्हणून त्यात चहा ठेवला होता, तो मी काढला. बाकीचंही सांगितलं, जोहारसकट, आणि 'शोधावं लागेल'सकट. आई ऐकत होत्या. मधे त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला.

"चार महिने तो जेवताना बोलत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणायचा, सर्व्हर डाउन आहे, आई." मग म्हणाल्या, "हे तू मला सांगून काय उपयोग? मी त्याला शिव्या दिल्या नव्हत्या. ज्यांनी दिल्या त्यांना सांग."

"हो, आई."

"तुझ्या साहेबांनाही सांग."

"हो."

"सुजाता, हिला चहा दे."

सुजातानं चहा दिला आणि तुझा लॅपटॉप उघडून समोर ठेवला. पास आणि नापास अशी दोन दालनं. नापासात माझ्यामुळे मेलेले एकशेचाळीस विनोद. त्यातले निदान तीस चांगले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. पासमध्ये शेवटी ते पत्र, दोन्ही रूपांत. तुझ्या मूळ मजकुरावर, नमस्कार या शब्दापाशी, तू समासात स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होतीस: 'दफ्तरदारांनी काढलं. त्यांचं बरोबर असेल.'

माझं बरोबर होतं, मिलिंद. चहा नव्हता आणि नमस्कारही नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन आणि कुठल्या कागदात ते आहे तेही सांगेन. पण ते पत्र माझं नव्हतं, तुझं होतं. रायनाकानं कुणाला काय म्हणावं हे तू ठरवलं होतंस आणि मी ते पुन्हा सरकारच्या सोयीनं लावून दिलं.

काल संस्थेच्या प्रमुखांना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचून कागद टेबलावर पालथा ठेवला आणि "बघू" म्हणाले. काय बघतील माहीत नाही. ते वाचनालयात आलेले गृहस्थ माझ्याकडे पत्ता ठेवून गेले होते, त्यांनाही लिहिलं. आणि हे इथे, ज्या मासिकात शोध चालू असल्याचं छापून आलं होतं त्याच मासिकाच्या वाचकांसाठी. संपादकांना मी सांगितलंय की माझ्या मजकुरात काय वाटेल ते कापा, पण खालच्या पत्राला हात लावू नका. अनुस्वार आणि जुनी क्रियापदं तेवढी माझी, ती तू मागितली होतीस. बाकी तुझं आहे तसं. यात दोन गोष्टी त्या काळाला धरून नाहीत आणि त्या मला माहीत आहेत.

पास.

*श्रीमंत सरकार यांस रायनाक वेसकर याचा नमस्कार. विनंती ऐसीजे. वेशीपासोन हौदापावेतों रस्ता नळाकरितां उकरिला. बुजविला. नळ टाकावयाचा राहिला म्हणोन पुन्हा उकरिला. काल त्या खळग्यांत पडलों. उठोन चाललों तों आज पुन्हा तेथेंच पडलों. जितके वेळां पडावें तितके वेळां तेथूनच आरंभ. कचेरींत तीन वेळां जाऊन विचारिलें. उत्तर एकच, साहेब चहास गेले आहेत. आले म्हणजे कळवावें. हे विनंती.*